संतराम हजर

११ फेब्रुवारी २००२, सोमवार

ही वही कापसाच्या जिनिंगची आहे. पानावर तीन रकाने छापलेले आहेत : चालू, बंद, शेरा. एकोणतीस वर्षे मी इंजन चालू केल्याची वेळ पहिल्या रकान्यात लिहिली, बंद केल्याची दुसऱ्यात. शेऱ्यात बहुतेक काहीच नाही. जिनिंगला कुलूप लागलं त्या दिवशी दोन कोऱ्या वह्या पिशवीत टाकून घरी आणल्या. ही चोरी झाली की नाही याचा घोर दीड वर्ष आहे. अजून कोणी विचारायला आलं नाही, म्हणून आजपासून लिहितो. सातवी नापास माणूस आहे, चुका होतील.

सुरजचा पुण्याहून एसटीडीवाल्याकडे फोन आला. कंपनीने त्याच्या खात्यातली सगळी कंत्राटी पोरं घरी बसवली. मंदी आहे म्हणाला. "बाबा, थोडे महिने माझ्यावर राहू नका." मी म्हणालो, "आमचं काय, आमी दोघंच तर हाव." फोन ठेवून निघाल्यावर ध्यानात आलं की तू जेवतोस कुठे, हे विचारलंच नाही. परत लावायला एसटीडीवाल्याकडे माघारी गेलो तर नंबर लिहिलेला कागद घरी राहिलेला.

बायकोला, जनकाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, "तुमी आता काय काम करणार?" विचारणं नव्हतं ते.

मला एकसष्ट पूर्ण आहेत.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चौकात मजुरांच्या रांगेत उभा राहिलो. स्लॅबच्या कामाचा मुकादम आला. पोरांचे दंड बघत बघत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, तुमी कोणाला सोडायला आले?" सगळे हसले. मीही हसलो. काहून हसलो कोण जाणे.

तिथून पिठाच्या गिरणीवर गेलो. म्हटलं, मी इंजनवाला आहे, जिनिंगच्या मोठ्या इंजनावर एकोणतीस वर्षे होतो. मालक भला माणूस, चहा पाजला. म्हणाला, "काका, आता इंजन कुठं राहिलं? बटन हाय. माझी बायको दाबते."

घरी येताना सारखं वाटत होतं की मागून कोणी येत आहे. वळून पाहिलं तर रस्त्यावर हळदीच्या पोत्यांचा टेम्पो उभा, आणखी कोणी नाही. चौदा वर्षे मी असाच वळून बघतो. पण कामावर जात होतो तोवर हे कमी होतं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एक दिवस गिलास धुतले. दुपारी मालक म्हणाला, "काका, गिलास धुऊन राहिले का इंजनाचा पार्ट? एकेकाला पाच पाच मिनटं!" मी घाई केली आणि दोन फुटले. उद्या येऊ नका म्हणाला. आवाज चढवला नाही, हे बरं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

जिनिंग मोडायला काढली आहे. ती जागा हळदीच्या कारखान्याने घेतली. आधी जुनं लोखंड उपटून न्यायचं, मग नवं बांधायचं. मोडायच्या कामाला जिनिंगचे जुनेच कामगार घ्यायचे अशी अट आहे, पण पंचावन्नच्या आतले.

फाटकाशी टेबल मांडलेलं. टेबलाशी ठेकेदाराचा मुनशी हिरासिंग, नांदेडचा सरदार. त्याच्या हातात जुन्या कामगारांची यादी. तो नाव पुकारी, आणि जो हजर म्हणेल त्याच्यापुढे खूण करी.

माझं नाव आलं. जळबा किसन पाईकराव. मी पुढे झालो. त्याने यादीतलं वय पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, एकसष्ट? अरे, तुमी तर माझ्या बापाचे मोठे भाऊ. चला, पुढचा."

मी लिंबाखाली जाऊन बसलो. निघावं की थांबावं, काही ठरेना. यादी पुढे चालली होती.

"संतराम भिकाजी खंदारे. वय बावन्न. इथं लिहिलंय, काम सोडून गेला. हाय का?"

रांगेत चाळीस माणसं. सगळी जुनी. संतराम चौदा वर्षांपूर्वी मेला हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत. कोणी तोंड उघडलं नाही. 'मेला' असंही कोणी म्हणालं नाही.

"संतराम भिकाजी खंदारे!" पुन्हा.

मी म्हणालो, "हजर."

मी बसलेला होतो, उठलो कधी ते आठवत नाही. हिरासिंगने मला खालून वर पाहिलं आणि मिशीत हसला. "आत्ता एकसष्टचा होता, पाच मिनटात बावन्नचा झाला? कोणत्या चक्कीचा आटा खातोस रे? लोखंड उचलता येतं ना?" मी मान हलवली. त्याने खूण केली. त्याला माणसं कमी पडत होती.

रांगेत कोणी हसलं नाही. निम्म्यांच्या मिशांना काळा रंग ताजा होता.

यादीत संतराम 'काम सोडून गेला' असं का आहे, ते मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. पत्रे उतरवले. जनकाबाईने विचारलं, "वय नाही विचारलं?" मी म्हटलं, जुना माणूस म्हणून घेतलं. ती खुशीत होती. रात्रीसाठी वांग्याचं भरीत केलं.

५ मार्च, मंगळवार

काम जमून राहिलं. रेच्यांचे नट गंजून बसले आहेत, पोरं हातोडा घालतात. मी रॉकेल सोडतो, थांबतो, मग पाना लावतो. कापसातून सरकी वेगळी करणारे चोवीस रेचे इथे एका ओळीत होते. सगळे एकाच लांब शाफ्टवर आणि शाफ्ट माझ्या इंजनावर. एक रेचा बंद करायचा तरी पूर्ण इंजन बंद करावं लागे.

हिरासिंगच्या जनरेटरमधून खडखड येत होती. मी दुरूनच सांगितलं, डाव्या बाजूचा नट ढिला आहे. निघाला. तो थक्क. "संतराम, तू तर उस्ताद हायस!" मी म्हणालो, कानाची सवय आहे. भर इंजनात मला फाटकावरची सायकलची घंटी ऐकू यायची. खोटं नाही सांगितलं.

आता पोरंही मला संतराम म्हणतात. आधी चेष्टेत म्हणायचे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सकाळी हिरासिंग ते नाव पुकारतो आणि मी हजर म्हणतो, त्याच्या मधे थोडी जागा राहते. त्या जागेत माझ्या शेजारी कोणीतरी श्वास आत ओढतं, बोलण्याआधी आपण ओढतो तसा. मग मी घाईने बोलून टाकतो.

८ मार्च, शुक्रवार

आज पाना डाव्या हाताने धरला होता. अर्धा तास. शेजारचा म्हणाला तेव्हा कळलं. मी उजवा आहे. संतराम डावखोरा होता.

जनकाबाईला सांगितलं नाही. डॉक्टरला दाखवावं का? पण काय म्हणून दाखवायचं?

१७ मार्च, रविवार

विहारात गेलो. वंदनेत चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तिथे माझी जीभ अडली. बाकीचे पुढे गेले. नंतर मी गाठलं, पण मधलं एक वाक्य माझं राहून गेलं. बुद्धाने ऐकलं असेल.

बाहेर नानीबाई भेटली. संतरामची बायको. केस पांढरे झाले तिचे. चौदा वर्षांत मी तिच्या घरी गेलेलो नाही. विहारात दिसली की चपला शोधायच्या निमित्ताने खाली बघतो. आज तिने वाटच अडवली.

"दादा, ऐकलं का? हळदीच्या कारखान्यात मेलेल्या कामगारांच्या वारसाला घेऊन राहिले. घरटी एक. माझी करुणा बारावी झाली, टायपिंग झालं. पंधरा एप्रिलपर्यंत अर्ज हाय."

"चांगलं हाय की," मी म्हणालो.

"पण आमच्यापाशी मरणाचा कागद न्हाई. तवा जिनिंगवाले म्हणले, दाखला आमी काढतो. कोणी काढला? तुमी इंजनावर होते. तुमी साक्ष द्याल ना?"

"व्हय, व्हय," मी म्हणालो. दोनदा म्हणालो.

करुणा मागे उभी होती. चार-पाच वर्षांची होती तेव्हा. आता आईपेक्षा उंच आहे.

मला वाटतं, अर्ज आपसूक मंजूर होईल. सगळ्या गावाला माहीत आहे की संतराम मेला. कागदाला कोण विचारतं!

२ एप्रिल, मंगळवार

कागदालाच विचारतात. करुणाचा अर्ज परत आला. कारखान्याच्या साहेबाने हजेरीपट काढून तिच्यापुढे ठेवला म्हणे. "तुझे वडील रोज कामावर आहेत. जिवंत माणसाचा वारस कसा घ्यायचा?"

हे मला दुपारी पाणी पिताना कळलं. सांगणारा माझ्याकडे न बघता सांगत होता.

डावा हात सकाळपासून बधिर आहे.

मला असा विचार आला की करुणा शिकलेली आहे, तिला कुठेही काम लागेल. मला कुठे लागणार? हा विचार वाईट आहे, पण चूक आहे का? जनकाबाईच्या गुडघ्याचं औषध आहे, सुरज अजून बसून आहे. मी रोज चाळीस माणसांत उभा राहतो आणि कोणी मला बाबा म्हणत नाही.

६ एप्रिल, शनिवार

आज त्या दोघी फाटकावर आल्या. हजेरीच्या वेळी. करुणाच्या हातात फाईल.

हिरासिंग पुकारत आला. माझ्या आधीच्याचं झालं. मग, "संतराम भिकाजी खंदारे."

नानीबाई समोर उभी. मी तिच्या पायांकडे बघत होतो. शेजारी श्वास ओढला गेला, आज स्पष्ट. मला वाटलं, आज तोच बोलेल आणि मी सुटेन.

"संतराम भिकाजी खंदारे! झोपला का रे?"

"हजर," मी म्हणालो.

करुणा म्हणाली, "आई, हे तर जळबाकाका हाईत!"

"गप," नानीबाई म्हणाली. "साहेबाच्या कागदात जे हाय ते खरं."

आणि दोघी निघून गेल्या. त्या अंगावर धावून येतील याची मी वाट बघत होतो. ते झालं असतं तर बरं होतं.

दुपारी हिरासिंगने मला ट्रकच्या मागे नेलं. चेहरा उतरलेला. "मेलेल्या आदमीचं नाव? अरे, मला वाटलं तो कुठं पळून गेला. तू बोलला काहून नाही?" मग आपणच म्हणाला, "बघ, चाळीस दिवसाचं काम बाकी. आता नाव काढलं तर पहिला मी जातो, मग तू. पोरगी थांबंल थोडी."

"तिची तारीख पंधराची हाय," मी म्हणालो.

"तुला तारीख पाठ हाय, तरी सकाळी हजर म्हणला ना?"

 बराबर बोलला तो.

८ एप्रिल, सोमवार

दुपारची सुट्टी. आम्ही सगळे लिंबाखाली बसलो होतो. नानीबाई सरळ आत आली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. माझ्यासमोर बसली, फडकं सोडलं आणि म्हणाली, "करुणाचे बाबा, जेवून घ्या."



"नानीबाई, काय करून राहिली?"

"नवऱ्याला भाकर आणली. हजर हाईत म्हणं. चौदा वर्षांचे उपाशी असतील."

एक पोरगं फिस्सकन हसलं आणि लगेच खाली बघू लागलं.

मी उठून जायला हवं होतं. पण उठून जाणारा संतराम असता की जळबा? उठलो असतो तर सगळ्यांपुढे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून जेवलो. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. ती समोर बसून राहिली, पदराने माशी वारत होती. बाई नवऱ्याच्या ताटावर वारते तशी.

भाकर चांगली होती. भूक होती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती.

९ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा आली. मी आधीच पाइपांच्या ढिगामागे गेलो होतो. तिथे आली.

"काल ठेच्यात मीठ बराबर होतं का?"

मी मान हलवली.

"पोरीला कुरुंद्याचं एक स्थळ आलंय. मुलगा शिक्षक हाय. पोरीला नोकरी असंल तर बोलू म्हणतेत. तुमी बाप हाव. काय कळवू?"

मी घास परत भाकरीवर ठेवला. पाणी तिनेच दिलं.

घरी जनकाबाई दारात. तिला सगळं कळलेलं. ही गोष्ट गावात काय राहते? तिने ताट वाढलं नाही. म्हणाली, "तुमचं जेवण झालं असंल. तुमची दुसरी बायको डबा आणते म्हणं."  मग म्हणाली, "मी बी खाल्लं त्या पैशाचं. मला तरी सांगायचं होतं."

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू घेतले नसते. ती म्हणाली, "तेच तर."

१० एप्रिल, बुधवार

आज लिहितो. 

नानीबाई आली, फडकं सोडलं. मी म्हणालो, "मला ही भाकर जात न्हाई." ती म्हणाली, "मग काय जातं?" मी म्हणालो, "तुझ्या घरी चल. करुणाला कागद-पेन घ्यायला सांग."

त्यांच्या घरी गेलो. चौदा वर्षांनी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली संतरामचा लहान. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. करुणा कागद घेऊन बसली. मी सांगितलं ते इथेही लिहितो.

अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर. कापसाचा भर. जिनिंगचा नियम होता की मिस्त्रीची शिट्टी झाल्याशिवाय इंजन बंद करायचं नाही. कोणी काहीही ओरडो. इंजन थंड झालं की परत चालू करायला अर्धा तास जाई आणि चोवीस रेचे बसून राहत. त्याच्या आठ दिवस आधी एकाचं धोतर पट्ट्यात गेलं, म्हणून मी शिट्टीशिवाय बंद केलं होतं. धोतरच फाटलं, माणूस शाबूत. मालकाने मला सगळ्यांपुढे विचारलं, इंजन तुझ्या बापाचं आहे का? आणखी एकदा झालं तर घरी.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला संतरामचा डावा हात शाफ्टच्या पट्ट्यात गेला. तो ओरडला. मिस्त्री फाटकावर चहा पीत होता. माझा हात इंजन बंद करायच्या दांड्यावर होता. मी शिट्टीची वाट पाहिली.

नानीबाईने विचारलं, "किती वेळ?"

मी म्हणालो, "मिस्त्री पळत येईपर्यंत."

"फाटकापासून?"

"व्हय."

तिने मनात ते अंतर मोजलं असावं. गेले तीन दिवस ती त्याच वाटेने भाकर घेऊन आत येत होती.

पुढचंही सांगितलं. जीपमध्ये टाकून नांदेडला नेलं. वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी मालकाच्या माणसाने कागद आणला. संतराम दोन दिवस आधीच काम सोडून गेला होता, त्या दिवशी तो जिनिंगचा कामगार नव्हता, असा. खाली दोन सह्या पाहिजे होत्या. एक मिस्त्रीची. दुसरी मी केली. म्हणून यादीत तो मेलेला नाही, सोडून गेलेला आहे. म्हणून मला त्याची जागा रिकामी मिळाली.

करुणा लिहीत होती. मधे एकदा थांबली, पेन झटकलं, पुन्हा लिहू लागली.

नानीबाई म्हणाली, "ते काय ओरडले?"

"इंजनाच्या आवाजात काही कळलं न्हाई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सही करा."

मी सही केली. जळबा किसन पाईकराव. खाली तारीख टाकली. करुणा म्हणाली, "हे दिल्यावर तुमचं काम जाईल, काका." मी म्हणालो, माहीत आहे. तिने कागदाची घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवला. चहाचं कोणी विचारलं नाही. विचारू नये असंच होतं.

११ एप्रिल, गुरुवार

हजेरीला गेलो नाही. फाटकाच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. हिरासिंगने पुकारलं. दोनदा पुकारलं. मग यादीवर आडवी रेघ मारली. इतक्या दुरून ऐकू येणार नाही, पण मला ऐकू आली.

हिरासिंगला दुसऱ्या कामावर बदललं म्हणे. जाताना मला पाहून त्याने हात केला. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. मिरवणूक दारावरून गेली. मी घरात बसून राहिलो. जनकाबाई गेली होती, येताना माझ्यासाठी लाडू घेऊन आली. तो उशाशी तसाच आहे.

सुरजचा फोन आला होता. एका गोदामात लागला आहे, माल मोजायच्या कामावर. जनकाबाईने आठवणीने विचारलं, जेवतोस कुठे.

२१ एप्रिल, रविवार

मला वाटलं होतं की आता तो जाईल. कागद दिला, सही दिली, काम सोडलं. आणखी काय पाहिजे? पण आज भर दुपारी आडावर पाणी शेंदताना मागे श्वास ओढला गेला. मी हळू विचारलं, "आता काय राहिलं?" शेजारची बाई म्हणाली, "काय म्हणले काका?" मी म्हणालो, काही नाही.

काय राहिलं ते मला माहीत आहे. इथेही लिहिलेलं नाही.

२ मे, गुरुवार

हळदीच्या कारखान्याने पोती उचलायला माणसं घ्यायला काढली. त्याच फाटकाशी टेबल. टेबलाशी करुणा. तिला लिहायच्या कामावर घेतलं, हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं, पण बसलेली आज पाहिली. निळा ड्रेस, हाताला घड्याळ. पेन डाव्या हातात.

मी रांगेत उभा राहिलो. पुढे साखरा गावची चार-पाच पोरं होती, तिकडची कोरडवाहू सोडून आलेली. ऊन फार. माझा नंबर आला.

"नाव?" तिने वर न बघता विचारलं.

"जळबा किसन पाईकराव."

पेन थांबलं. मग तिने लिहिलं.

"वय?"

"एकसष्ट."

तेही लिहिलं. मग म्हणाली, "काका, पंचावन्नच्या आतले पाहिजेत."

"माहीत हाय."

"मग उन्हात काहून उभे राहिले?"

 मागून कोणी म्हणालं, "चला की ओ बाबा, डोकं तापून राहिलं."

करुणाने रजिस्टर थोडं पुढे ओढलं आणि आवाज खाली केला. "आई रोज एकच विचारून राहिली. ती म्हणते, जळबादादाला भर इंजनात सायकलची घंटी ऐकू यायची. मग बाबा काय ओरडले ते कसं न्हाई ऐकू आलं?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"जळबादादा," मी म्हणालो.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"किती वेळा?"

"शिट्टी होईपर्यंत."

तिने पेन उचललं. काय लिहिणार ते मी बघत होतो. काही लिहिलं नाही. मग माझ्या खांद्यावरून मागे बघून ती म्हणाली, "पुढचे या. नाव?"